डगडग : एका जुन्या जीपच्या स्टिअरिंगची चौकशी

पळस्पे फाटा सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळाने शिरढोण मागे पडते आणि समोर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली सकाळ होती. माझी जीप १९७४ सालची, सीजे-३बी, पेट्रोल इंजिनाची. शेजारी पत्नी बसली होती आणि आम्ही पेणला एका घरगुती कार्याला निघालो होतो. वेग पन्नासच्या आसपास. एका लहान पुलाच्या सांध्यावरून डावे चाक धप्पकन गेले आणि त्याच क्षणी कोणीतरी स्टिअरिंग माझ्या हातातून हिसकावून घेतले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. इतक्या वेगाने की मोजता येऊ नये. पुढची काच, बॉनेट, पत्नीने घट्ट धरलेला दांडा, सगळे एका तालात हादरत होते. आमच्या डाव्या हाताला एक मुलगा दुचाकीवर होता. त्याच्या आणि आमच्या मडगार्डच्या मध्ये हातभर अंतर राहिले असेल.

वेग विसावर आला आणि सगळे थांबले. जसे सुरू झाले तसेच, एकदम. मी खाली उतरून पाहिले. काही तुटलेले नव्हते, काही लोंबत नव्हते, टायरमध्ये हवा होती. तो मुलगा थोडे पुढे जाऊन थांबला, आमच्याकडे वळून पाहत राहिला आणि काही न बोलता निघून गेला. आम्ही पेणपर्यंतचा उरलेला रस्ता तिशीच्या वेगाने कापला आणि पुन्हा काही झाले नाही.

गॅरेजमध्ये या दुखण्याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. कोणी म्हणते गाडी नाचते, कोणी म्हणते गाडी डगडगते. जुनी जीप किंवा मारुती जिप्सी बाळगणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा एकदा तरी अनुभव आलेला असतो, आणि ज्याला विचारावे तो वेगळा पार्ट बदलायला सांगतो. मीही बदलले. दहा महिने बदलत राहिलो. त्या दहा महिन्यांत जे वाचले, मोजले आणि अखेर एका मिस्त्रीच्या शेजारी उकिडवे बसून पाहिले, त्याची ही हकिकत आहे. मी इंजिनिअर नाही. पण हा प्रश्न निव्वळ गॅरेजचा नाही, हे मला फार उशिरा कळले.

नाचाचे नाव

इंग्रजीत या थरथरीला ‘शिमी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत गाजलेल्या, खांदे थरथरवत करायच्या एका नाचाचे हे नाव. ते मोटारीला चिकटले त्याला कारण होते. १९२०च्या दशकात मोटारींना कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर येऊ लागले. त्याआधीचे टायर अरुंद आणि टणक असत. नव्या टायरांनी बसणाऱ्यांची हाडे वाचवली, पण पुढची चाके एकाएकी नाचू लागली. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि त्या चाकांचे वजन वाढले. दोन्ही सुधारणाच होत्या, आणि दोन्हींनी मिळून एक जुना दोष जागा केला.

फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए या इंजिनिअरने १९२५मध्ये या थरथरीवर निबंध लिहिला. रबरी टायर जमिनीवर नेमका आपल्या तोंडाच्या दिशेने चालत नाही, बाजूला जोर आला की किंचित तिरका सरकत जातो, ही आज मोटारविद्येचा पाया मानली जाणारी कल्पना त्या निबंधात आहे. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी पुढची दोन चाके एकमेकांपासून सोडवण्याच्या कामाला जोर दिला आणि १९३४च्या मोटारींत पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आले. प्रवास सुखाचा व्हावा हा हेतू होताच. शिमीपासून सुटका हाही होता. विमानांना नाकाखाली चाक आले तेव्हा धावपट्टीवर तेही थरथरू लागले. त्याचे गणित मांडणाऱ्यांत सोव्हिएत गणिती म्स्तिस्लाव केल्दिश होते. त्यांचा त्या विषयावरचा प्रबंध १९४५चा आहे. म्हणजे आपला मिस्त्री ज्याला ‘नाच’ म्हणतो, त्यावर मोठमोठ्या माणसांनी कागद काळे केलेले आहेत.

मग जीपमध्ये हे दुखणे टिकले कसे? दुसऱ्या महायुद्धातली जीप चिखलात, दगडांत चालण्यासाठी होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अॅक्सल ठेवला गेला, कारण तो मजबूत, साधा आणि कुठेही दुरुस्त होणारा. शहरी मोटारींनी ज्याला निरोप दिला तो अॅक्सल जीपने राखला, आणि त्याच्याबरोबर त्याचा जुना आजारही.

ही जीप आपल्याकडे आली ती महिंद्रांमुळे. १९४५मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ म्हणून पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली कंपनी फाळणीनंतर, १९४८मध्ये, ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि मुंबईत विलीज जीपची जुळणी करू लागली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३मध्ये आली आणि १९६८मध्ये तिथे बंद झाली. आपल्याकडे ती आणि तिच्या वंशातल्या गाड्या त्यानंतर कित्येक दशके बनत राहिल्या. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, साखर कारखाने, निवडणुकीचे प्रचारक, सगळ्यांनी ती वापरली. २०१०मध्ये आलेल्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. त्याआधीच्या हजारो जीपा मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि त्या नाचू शकतात.

झोका आणि बासरी

कंप दोन जातींचे असतात. झोक्यावरच्या मुलाला आपण तालात धक्के देतो आणि झोका वर चढतो. धक्के थांबले की झोकाही हळूहळू थांबतो. इथे ताल बाहेरून येतो. बासरीचे वेगळे आहे. वाजवणाऱ्याची फुंकर एकसारखी असते, तिच्यात ताल नसतो. तरी आत हवेचा स्तंभ स्वतःच थरथरू लागतो आणि सूर निघतो. एकसारख्या फुंकरीतूनच तो कंप आपले पोषण घेतो.

चाकाचा तोल बिघडलेला असेल तर होते ती थरथर झोक्याच्या जातीची. ती एका ठरावीक वेगाला येते, वेग वाढवला की कित्येकदा निघून जाते. कर्नाळ्याच्या वाटेवर आम्ही अनुभवली ती बासरीच्या जातीची. तिला फुंकर मिळते ती गाडीच्या पुढे जाण्यातून. पुलाचा सांधा हे फक्त निमित्त. एकदा सुरू झाली की सांधा मागे पडला तरी ती चालूच राहते, आणि वेग पुरेसा उतरल्याशिवाय थांबत नाही.

हे घडते कसे? पुढचे चाक ज्या उभ्या खुंटीभोवती डावी-उजवीकडे वळते तिला किंगपिन म्हणतात. ही खुंटी अगदी उभी नसते. तिचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असते. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे खुंटीची रेघ वाढवली तर ती चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला भिडते आणि चाक तिच्यामागे फरफटत येते. म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. जीपच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे हा झुकाव ३ अंश हवा. पण सरळ होताना चाक मध्यावर थांबत नाही, किंचित पलीकडे जाते. मग पलीकडून परत. टायर लवचीक असल्यामुळे त्याचा जोर थोडा उशिरा पोचतो, आणि उशिरा आलेला जोर थांबवण्याऐवजी ढकलतो. वाटेत पुरेसे घर्षण असेल तर दोन-तीन हेलकाव्यांत हे शमते. नसेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो.

अखंड अॅक्सलमध्ये यात आणखी एक भागीदार येतो. वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा आस तिरका करायला गेले की ती भलत्याच दिशेला वळते; हे आपण भोवऱ्यात पाहिले आहे. डावे चाक सांध्यावर उचलले गेले की अख्खा अॅक्सल तिरका होतो, त्याबरोबर दोन्ही फिरत्या चाकांचे आस तिरके होतात आणि चाके भोवऱ्याप्रमाणे बाजूला वळू पाहतात. उलट, चाके वळली की अॅक्सल तिरका होऊ पाहतो. म्हणजे वर-खाली उसळणे आणि डावी-उजवीकडे वळणे एकमेकांना खाऊ घालत राहतात. स्वतंत्र सस्पेन्शनने ही भागीदारी मोडली. जीपमध्ये ती शाबूत आहे.

आकड्यांत सांगायचे तर ६.००-१६ मापाच्या जीप-टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी ५० किलोमीटरला तो सेकंदाला सहाहून थोडे अधिक फेरे घेतो, ६०ला सव्वासातच्या पुढे. अखंड अॅक्सलच्या शिमीचा आपला तालही साधारण याच पल्ल्यात असतो. रिमच्या कडेवर कुठे ५० ग्रॅमचा फरक असेल तर ६०च्या वेगाला तो सुमारे सव्वादोन किलोच्या ओढीने सेकंदाला सात वेळा हिसके देतो. ८०ला ही ओढ चार किलोवर जाते. वेग वाढतो त्याच्या वर्गाने ती वाढते. थरथर एकटीने सुरू करायला हे नेहमी पुरेसे नसते, पण झोपलेल्याला जागे करायला पुरते.

औषध आणि मलमपट्टी

आम्ही पेणहून परतल्यावर ज्या गॅरेजमध्ये गेलो, तिथे पाच मिनिटांत निदान झाले : स्टिअरिंग डॅम्पर लावा. डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअॅब्सॉर्बर. तो स्टिअरिंगच्या दांड्यांच्या झटक्यांना विरोध करतो. तो लावला आणि तीन महिने थरथर नाहीशी झाली. मी खूश होतो. चौथ्या महिन्यात, पळस्प्याच्या अलीकडेच, ती परत आली. या वेळी पंचावन्नला. मग टायरॉड एंड बदलले. मग अलाइनमेंट. मग दुसऱ्या एकाने स्टिअरिंग बॉक्स कसला, आणि स्टिअरिंग मध्यावर अडकू लागले. प्रत्येक वेळी थोडा फरक पडे आणि प्रत्येक वेळी ती परत येई.

डॅम्परला मी दोष देत नाही. निरोगी गाडीवर तो उपयोगी आहे; कित्येक गाड्यांना तो कारखान्यातूनच बसवून येतो. पण आजारी गाडीवर तो वेदना मारणाऱ्या गोळीसारखा वागतो. आतला सैलपणा वाढत राहतो, आपल्याला कळत नाही, आणि डॅम्पर थकतो त्या दिवशी सगळे एकदम बाहेर येते.

अखेर मी पोचलो जुन्या पनवेलमधल्या एका बोळातल्या गॅरेजमध्ये. सत्तरीच्या घरातले मिस्त्री; सगळे त्यांना चाचा म्हणतात. इथे गावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पनवेल आज लोकलचे शेवटचे स्टेशन, एक्स्प्रेसवेचे तोंड आणि गोव्याच्या रस्त्याची सुरुवात म्हणून माहीत आहे. पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत या गावाची एक वेगळी ओळख आहे : बैलगाडीची चाके. घाटावरून बंदरावर मालाची ये-जा करणारे गाडीवान पनवेलची चाके पसंत करत. तुंबा, आरे, पाटे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, असा तो उद्योग होता. बैलगाडीचे चाक कण्यावर सैलच असे. चालताना ते डुलते, कुणीला घासते, आवाज करते. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. ताशी चार किलोमीटरला सैलपणा निरुपद्रवी असतो. तोच सैलपणा ताशी पन्नासला जीवघेणा होतो. मला हे सुचले ते चाचांच्या गॅरेजबाहेर भिंतीला टेकवलेले एक जुने लाकडी चाक पाहून. ते कोणाचे, कधीचे, त्यांनाही ठाऊक नव्हते.

चाचांनी गाडी पाहिली आणि पहिले वाक्य बोलले, “साहेब, हा डॅम्पर आधी काढू. तो असेपर्यंत मला काही समजणार नाही.”

चाकाकडून आत

त्यांची पद्धत साधी होती : जमिनीपासून सुरू करायचे आणि आत आत जायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून पाहायची. मी वहीत वेग लिहून घ्यायचा, थरथर किती वेगाला सुरू झाली तो. डॅम्पर काढल्यावर पहिली नोंद होती ४२.

पहिले टायर. दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी केली. मग पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावली. यात खर्च शून्य, आणि थरथरीचे रूप बदलले तर दोष टायर-रिममध्ये आहे हे कळते. चाक उचलून हाताने फिरवले आणि टायरजवळ विटेवर खडू स्थिर धरला. जिथे टायर बाहेर येतो तिथे खडू लागतो. आमचा उजवा टायर गोल नव्हता, अंड्यासारखा झाला होता. तो बदलला, चारही चाकांचे बॅलन्सिंग केले. वहीत : ४७.

मग हब. चाक उचललेलेच ठेवून वरून आणि खालून धरून हलवायचे. खटखट वाटली तर ती हबच्या बेअरिंगमधली की किंगपिनमधली? एकाने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर दोष हबच्या बेअरिंगचा. राहिली तर किंगपिनचा. इतकी सोपी तपासणी आधीच्या कोणीही केली नव्हती. आमच्याकडे दोन्हींत खटखट नव्हती. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे इथेच परत यायचे आहे.

मग सांधे. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. मी आत बसून स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवत राहायचे आणि चाचा खाली पडून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवणार. सीजे-३बीत स्टिअरिंग बॉक्समधून पिटमन आर्म, त्याला ड्रॅगलिंक, ड्रॅगलिंकला बेलक्रँक, बेलक्रँकला टायरॉड आणि टायरॉडला चाके, अशी साखळी आहे. “डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं,” ते खालून म्हणाले. दोन भागांच्या सांध्यावर बोट ठेवले की एक हलतो आणि दुसरा क्षणभर मागे राहतो, ते जाणवते. मलाही खाली बोलावून त्यांनी ते दाखवले. टायरॉड एंड नवे होते, चांगले होते. बेलक्रँकची खुंटी आणि तिचे बुश मात्र झिजलेले. या भागाला ग्रीस देण्याची जागा आहे, आणि तिच्यावर चिखलाचा पापुद्रा होता. कित्येक वर्षांत तिथे ग्रीसगन लागली नव्हती.

सैलपणा कसा साठतो त्याचा एक हिशेब मी त्या रात्री मांडला. समजा, साखळीतल्या सहा सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर प्ले आहे. एकेका सांध्याला कोणीही ‘चालेल’ म्हणेल. पण बेरीज तीन मिलिमीटर होते, आणि पंधरा सेंटिमीटरच्या आर्मवर तीन मिलिमीटर म्हणजे चाकाला एक अंशाहून जास्त मोकळीक. तेवढ्या मोकळ्या पट्ट्यात चाकाला कोणीही धरलेले नसते, माझ्या हातांनीसुद्धा नाही.

बेलक्रँकचे बुश आणि खुंटी बदलली, ड्रॅगलिंकच्या टोकांतल्या स्प्रिंगा आणि वाट्या साफ करून नीट बसवल्या. स्टिअरिंग बॉक्सचे अॅडजस्टमेंट चाके सरळ ठेवून पुन्हा केले. सरळच का? कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्स मध्यावर जास्त झिजतो. चाके वळवलेली असताना प्ले काढला तर सरळ चालताना तो तसाच राहतो, आणि मध्यावरही जास्त कसला तर अडकतो. बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट तपासले, तिथे चेसिसला चीर नाही हे पाहिले. पाट्यांचे यू-बोल्ट आवळले, बुश पाहिले. वहीत : ५३.

मग कोन. कॅस्टर आम्ही ओळंबा आणि कोनमापक लावून अंदाजाने मोजला. तो ३ अंशांच्या जवळ होता. जीपच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. गाडी उंच दिसावी म्हणून काही हौशी लोक लांब शॅकल लावतात. त्याने अॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. मग पाटा आणि अॅक्सलमध्ये पाचर घालून तो परत आणावा लागतो. उलट, अतोनात कॅस्टरही नाचाला आमंत्रण देतो. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे पुढे किंचित जवळ असणे, मॅन्युअलप्रमाणे सुमारे सव्वा ते अडीच मिलिमीटर. तो टायरवर खडूने रेघा मारून आणि टेपने पुढचे-मागचे अंतर मोजून गॅरेजातच ठीक करता येतो.

वहीत आकडा ५३वरच अडला. चाचा तिसऱ्या दिवशी चहा घेत बराच वेळ पुढच्या चाकाकडे पाहत बसले. मग त्यांनी दोन्ही चाके काढली आणि टायरॉड चाकाच्या आर्मपासून सोडवला. आता चाकाचा तो गोल नकल एकटा होता, कोणाशीही न जोडलेला. त्यांनी त्याला एका बोटाने ढकलले. तो दारासारखा अलगद फिरला.

“हे हलकं कोणी केलं?” त्यांनी विचारले.

हलके कोणी केले

सीजे-३बीच्या किंगपिनमध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन शंकूच्या आकाराची बेअरिंग असतात. वरच्या आणि खालच्या झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, शिम, घालतात. शिम कमी केले की झाकण बेअरिंगला दाबून धरते आणि नकल जड फिरतो. शिम वाढवले की हलका फिरतो. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. मॅन्युअलमध्ये नकल फिरवायला किती ओढ लागली पाहिजे ते ताणकाट्याने मोजायला सांगितलेले आहे. चाकाच्या हेलकाव्यांना शमवणारे घर्षण या रचनेत मुख्यतः इथून येते. डॅम्पर नसलेल्या काळात हाच डॅम्पर होता.

आणि आमच्या जीपमध्ये शिम वाढवलेले होते. अगदी मापात. खटखट व्हावी इतके नव्हे, म्हणून वर-खाली हलवून पाहणाऱ्या कोणालाही तिथे प्ले सापडला नाही. सैलपणा नव्हता, फक्त विरोध नव्हता.

मला आठवायला वेळ लागला नाही. त्या पुलावरच्या प्रसंगाआधी दीड वर्ष माझा उजवा खांदा आखडला होता. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटले, मी चालवत राहिलो, आणि एका गॅरेजमध्ये जाऊन म्हटले होते, स्टिअरिंग जरा हलके करून द्या. त्यांनी करून दिले. मी किती खूश होऊन घरी आलो होतो, आणि पत्नीला स्टिअरिंग एका हाताने फिरवून दाखवले होते, हेही आठवले. दहा महिने मी ज्या दोषाचा शोध घेत होतो तो मी स्वतः पैसे देऊन करवून घेतला होता. झिजलेला बेलक्रँक, अंडाकृती टायर हे आधीपासूनचे भागीदार असणार; पण त्यांना रोखून धरणारे जे होते ते मी काढून टाकले.

चाचांना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. “सगळे हेच मागतात,” एवढेच म्हणाले. जिप्सीवाल्यांचेही तसेच असते, म्हणाले. किंगपिनची बेअरिंग झिजतात, स्टिअरिंग हलके लागते, मालक खूश असतो, आणि मग एक दिवस गाडी नाचते.

बेअरिंग नवी घातली. शिम एकेक करून काढले, दोन्ही बाजूंना सारखे, प्रत्येक वेळी नकलला ताणकाटा लावून. माझा ताणकाटा पाहून ते थोडे संकोचले. त्यांचा हात आधी सांगत होता तेच काटा नंतर सांगत होता. नकलवरचे फेल्टचे सीलही बदलले, कारण तेही थोडे घर्षण देते आणि धूळ-पाणी आत जाऊ देत नाही. डॅम्पर परत लावला नाही.

मग आम्ही दोघे शिरढोणच्या पुढे गेलो. तोच पूल, तोच सांधा. आधी ३०ने, मग ४०ने, ५०ने. धप्प व्हायचे ते झाले. स्टिअरिंगला एक हिसका बसला आणि तिथेच विरला. परतताना ६५. वहीत त्या दिवशी आकडा लिहायला काही उरले नव्हते. चाचा शेजारी बसून पुढे न पाहता पायांखालच्या पत्र्याकडे पाहत होते. त्यांना तिथून जास्त कळते.

वाचकांपैकी कोणाकडे अशी गाडी असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. रस्त्यावर डगडग सुरू झाली तर करकचून ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंगशी झटापटही करू नये. ते घट्ट धरावे, अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग शांतपणे उतरू द्यावा, मगच बाजूला घ्यावे. आणि नंतर ती नाहीशी झाली म्हणून पुढचा प्रवास नेहमीच्या वेगाने करू नये. दुसरी गोष्ट, ‘कुठला पार्ट गेला?’ हा प्रश्न या आजाराला लागू पडत नाही. आमच्या गाडीत एकही पार्ट गेलेला नव्हता. प्रत्येक जण थोडा थोडा ढिला होता, आणि ज्याने थोडे जड राहायला हवे होते तो हलका केलेला होता. एकेक पार्ट बदलून पाहणाऱ्याला म्हणूनच प्रत्येक वेळी थोडा फरक दिसतो आणि उत्तर मिळत नाही.

हे ज्ञान मॅन्युअलमध्ये आहे, पण मॅन्युअल इंग्रजीत आणि गॅरेजपासून दूर. ते चाचांच्या बोटांत आहे, पण त्यांचा मुलगा नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कॉम्प्युटर लावून दोष वाचतो. अशा जीपला लावायला कॉम्प्युटरची जागाच नाही. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी ते मराठीत लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.

डॅम्पर चाचांनी वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. तो आमच्या माळ्यावर आहे. स्टिअरिंग आता जड आहे. बाजारपेठेतल्या अरुंद वळणांवर खांदा दुखतो, आणि पत्नी म्हणते, हलके करून घ्या ना पुन्हा. मग तिला तो दुचाकीवरचा मुलगा आठवतो आणि ती गप्प बसते.